मधलीची मधली चित्रं

माझ्या मावशीने चौतीस वर्षांत साधारण एक लाख चाळीस हजार चित्रं काढली आणि त्यातलं एकही कुणी धड पाहिलं नाही. पाहणार कसं? प्रत्येक चित्र पडद्यावर यायचं आणि सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून जायचं. पापणी लवेपर्यंत तिची चार-पाच चित्रं होऊन गेलेली असायची.

ती कार्टूनपट काढणाऱ्या एका स्टुडिओत 'मधली चित्रं' काढायची. या धंद्यात मोठा चित्रकार दोन चित्रं काढून देतो. एकात माणूस खुर्चीत बसलेला, दुसऱ्यात उभा. बसलेला माणूस उभा कसा राहिला, एवढा किरकोळ तपशील तेवढा उरतो. तो भरायला पगारी माणसं असतात. माझी मावशी त्यातली एक.

घरात तिला आधीपासूनच 'मधली' म्हणत. माझी आई थोरली, त्यामुळे सगळे निर्णय तिचे. धाकटी मावशी दिसायला देखणी, त्यामुळे सगळं कौतुक तिचं. मधलीचं काम थोरलीला आखूड झालेले कपडे वापरायचे आणि धाकटीसाठी नीट राखायचे. नोकरी लागली तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरीने नोकरीसुद्धा नावाला शोभेल अशी शोधली." सगळे पोट धरून हसले. मावशीही हसली. ती नेहमी थोडं उशिरा हसायची.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या गोदामावरची एक लांबलचक खोली. नऊ टेबलं. प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी दुधी काच आणि काचेखाली दिवा. त्या उजेडावर दोन कागद एकावर एक ठेवायचे, वर तिसरा कोरा ठेवायचा आणि खालच्या दोन रेघांच्या मधली रेघ काढायची. उन्हाळ्यात वरून पत्रा तापायचा, खालून दिवा. खोलीत पेन्सिलीच्या भुशाचा आणि रबराचा वास असायचा. मावशी घरी आली की तिचा उजवा कोपर करडा असायचा. "मधली आली, कोपर धू," हे तिचं स्वागत.

स्टुडिओचे मुख्य चित्रकार आणि दिग्दर्शक एकच गृहस्थ होते. एका वर्तमानपत्राने त्यांना एकदा दिग्गज म्हटलं होतं. ते कात्रण त्यांनी चौकट करून दारावर लावलं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'दिग्गज' म्हणत. समोर 'सर'. दिग्गजांनी मावशीची परीक्षा घेतली तेव्हा तिला दोन चित्रं दिली. एकात हात खाली, एकात हात वर. म्हणाले, "मधलं काढा."

मावशीने काढलं. हात अर्धा वर आणि मनगट अजून खालीच लोंबणारं.

दिग्गज म्हणाले, "चूक आहे. हात वर चाललाय आणि पंजा खाली?"

मावशीने स्वतःचा हात उचलून दाखवला. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यांत शेवटी. दिग्गजांनी तिच्या हाताकडे पाहिलंच नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "घाई आहे, चालेल. सोमवारपासून या." अशी एका चुकीवर तिची नेमणूक झाली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मोठा चित्रकार आपल्या चित्राच्या कोपऱ्यात एक उभी रेघ काढतो आणि तिच्यावर आडव्या खुणा करतो. स्टुडिओत तिला 'शिडी' म्हणत. मधलं कुठलं चित्र कुठे पडणार, हे त्या खुणा सांगतात. खुणा जवळजवळ असतील तिथे हालचाल सावकाश, लांब लांब असतील तिथे झपाट्याने. चित्राला जीव येतो तो तिथे. चेंडू रबराचा आहे की लोखंडाचा, माणूस दमलाय की रुसलाय, हे तिथे ठरतं. आणि दिग्गज त्या खुणा कशा करायचे? पट्टी लावून, सारख्या अंतरावर. त्यांना त्यात नीटनेटकेपणा दिसायचा.

मावशी पहिल्या आठवड्यापासून ती शिडी फक्त बघायची. तिचं म्हणणं असं, की जगात सारख्या वेगाने हात हलवणारा माणूस तिने अजून पाहिलेला नाही. शेजारच्या टेबलावर रंग भरणारी एक बाई बसायची, सगळे तिला 'रंगीला' म्हणत. तिला हे ठाऊक होतं.

"सरांची शिडी बघितलीस का?" ती विचारायची.

"बघितली."

"मग?"

"छान काढलीये," मावशी म्हणायची आणि आपल्याला हवी तिथे रेघ ओढायची.

पडद्यावर माणसं खरी चालायची, दमायची, लाजायची. दिग्गज खूश व्हायचे. आपण काढलेल्या दोन टोकांच्या चित्रांत एवढं सामर्थ्य आहे, याचं त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं.

मावशीचं लग्न ज्यांच्याशी झालं ते काका लिफ्ट तपासणारे निरीक्षक होते. गावभरच्या इमारतींच्या लिफ्टमध्ये वर-खाली करायचं आणि शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. आमच्या घरात मावशीचं काम कळलेला हा एकमेव माणूस. बघायच्या कार्यक्रमात आजोबांनी जरा अपराधी आवाजात सांगितलं, "मुलगी मधली चित्रं काढते." काका म्हणाले, "म्हणजे सुटताना आणि थांबताना सावकाश, मध्ये भरभर?" मावशीने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "लिफ्टचंही तसंच," काका म्हणाले, "नाहीतर लोकांच्या पोटात गोळा येतो." यापेक्षा रोमँटिक वाक्य काकांच्या तोंडून त्यानंतर कधी निघालं नाही, असं मावशी सांगते. गरजही पडली नाही.

सासरी गेल्यावर मावशीने सासूबाईंचा अभ्यास सुरू केला. इतर सुनाही करतात, पण मावशी मोजत असे. सासूबाईंनी रागाने ठेवलेला कप आणि विसरभोळेपणाने ठेवलेला कप यांत तीन चित्रांचा फरक असतो, हा तिचा शोध. रागाचा कप बशीला टेकायच्या आधी क्षणभर अडतो. कप फुटू नये एवढं भान रागातही असतं.

"ही माझ्याकडे सारखी टक लावून का बघते?" सासूबाईंनी एकदा मुलाला विचारलं. "हिला काही हवंय का?"

"नाही आई. ती मोजतेय."

"काय मोजतेय?"

"तुला."

सासूबाईंनी कप ठेवला. मावशी मान्य करते की तो नमुना उत्कृष्ट होता.

याच सासूबाईंच्या भावाच्या मृत्यूचं पत्र एका दुपारी आलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. घडी घातली, अंगठ्याने दाबली, पत्र टेबलावर ठेवलं. मग थांबल्या. मग घडी पक्की बसलेली असूनही तिच्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला, अगदी सावकाश. आणि म्हणाल्या, "भात लावलास का?"

मावशीने मला हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही चेहरा दुसरीकडे वळवून. "मला रडू यायला हवं होतं गं. त्या मला वाईट नव्हत्या. आणि माझ्या डोक्यात काय आलं? घडीला वीस, थांबायला पाच, दुसऱ्यांदा अंगठा सोळा. मला माझीच लाज वाटली. भात लावला आणि मग मोरीत जाऊन रडले."

सासूबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी दिग्गजांनी एक चित्रपट काढला. अर्ध्या तासाचा, एका म्हातारीचा. तिचा मुलगा बोटीवर असतो आणि एक दिवस पत्र येतं. दिग्गजांनी दोन चित्रं काढून दिली: म्हातारीच्या हातात उघडं पत्र आणि म्हातारीच्या हातात मिटलेलं पत्र. मध्ये चाळीस चित्रांची शिडी, चाळीसही खुणा पट्टीने आखलेल्या. मावशीने ते चाळीस कागद काढायला चार दिवस लावले. वीस घडीला, सोळा दुसऱ्या अंगठ्याला. मधल्या थांबण्याला पाच हवी होती, तिथे चारच बसली. ते राहून गेलेलं एक चित्र तिला आजही खटकतं.

चित्रपट गाजला. थिएटरात लोक नेमके त्या पावणेदोन सेकंदांना रडायला लागले. दिग्गजांना बक्षीस मिळालं. टीव्हीवर त्यांची मुलाखत झाली आणि स्टुडिओतले सगळे ती बघायला गोदामाच्या मॅनेजरच्या खोलीत टायरांवर बसले.

मुलाखत घेणारे एक समीक्षक होते. त्यांनी विचारलं, "ती म्हातारी घडीवरून दुसऱ्यांदा अंगठा फिरवते. हे तुम्हाला सुचलं कसं?"

दिग्गजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपल्या चित्रपटात असं काही आहे, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. चित्रपट त्यांनी नव्वद वेळा पाहिला असेल, पण ते स्वतःची चित्रं बघायचे. मधली चित्रं लागली की बहुधा डोळे मिटून घेत. तरीही माणूस मोठाच म्हणायचा, कारण सावरायला त्यांना फार तर सहा चित्रं लागली.

"ते मौन आहे," दिग्गज म्हणाले. "मी कित्येक वर्षं रेघेतलं मौन शोधत होतो."

समीक्षकांनी डोळे पुसले. रंगीलाने मावशीला असं कोपराने ढोसलं, की मावशी टायरावरून घसरली.

मौन सापडल्यावर दिग्गज त्याविषयी बोलायचे थांबेनात. दोन महिन्यांत 'मौनरेषा' ही त्यांची शैली झाली. मौनरेषेवर व्याख्यानं झाली, तीन दिवसांचं शिबिर झालं, एक जाडजूड पुस्तक आलं. मग त्यांनी ती स्टुडिओतल्या लोकांनाही शिकवायचं ठरवलं, कारण आपल्याच माणसांना ती येत नाही, अशी त्यांची खंत होती. मावशी पहिल्या बाकावर वही घेऊन बसली.

"सर, म्हातारीचा हात कितव्या चित्राला थांबतो?" तिने विचारलं. थट्टेने नव्हे. ते पाचवं चित्र सरांनाही खटकलं असेल, असं तिला वाटत होतं.

"बाई, आकड्यांत अडकू नका," दिग्गज म्हणाले. "मौन मोजता येत नाही."

वहीत तिने ते लिहून घेतलं. वही मी पाहिली आहे. त्या पानावर एवढंच वाक्य आहे आणि खाली पन्नासेक छोटे अंगठे.

पुढच्या मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू झाली तेव्हा मावशीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. चित्रपटाच्या शेवटी जी नावं येतात त्यांत चहावाल्याचं नाव असायचं, गोदामाच्या मॅनेजरचे आभार असायचे. मधली चित्रं काढणाऱ्या चौघी 'आणि इतर' मध्ये. मावशी दिग्गजांच्या खोलीत गेली. चौकटीतल्या कात्रणाशी दोन मिनिटं थांबली, मग आत.

"सर, या खेपेला आमची नावं टाकता येतील का?"

दिग्गज रागावले नाहीत. ते प्रेमळपणे समजावू लागले, आणि ते जास्त वाईट होतं. "असं बघा बाई, नाव शैलीला असतं. मधल्या चित्रांना कसली आली शैली? ती नुसती इकडून तिकडे नेतात. बसच्या तिकिटावर कंडक्टरचं नाव छापतात का?"

"नाही सर."

"मग! आणि हो, बरं झालं आलात. या चित्रपटाला मला शैलीची शुद्धता हवी आहे. शिडीत आखलं असेल तसंच चित्र पडलं पाहिजे. केसभरही इकडेतिकडे नको. सगळ्यांना सांगा."

मावशीने सगळ्यांना सांगितलं. मग ती आपल्या टेबलावर बसली, दिवा लावला, शिडी पाहिली आणि नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी प्रथमच ती पाळली.

चौदा महिने तिने पाळली. पट्टी घेऊन, कर्कटक घेऊन, दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ. मनगट हाताबरोबरच वर. पापणी सारख्या वेगाने खाली, सारख्या वेगाने वर. उडी मारणारा माणूस आधी वाकत नसे आणि पडणारा माणूस जमिनीवर पत्र्याचा डबा ठेवावा तसा टेकायचा. काम फार लवकर उरकायचं. ती पाच वाजता घरी यायला लागली. काकांना संशय आला.

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

तिने पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून काकांच्या हातात दिला. काकांनी ते पत्त्यांसारखे फरफर सोडले आणि बघितले. पुन्हा सोडले.

"अशी लिफ्ट असती तर मी सील केली असती," काका म्हणाले.

"सरांचा हुकूम आहे."

"आणि सिनेमा पडला तर?"

"पडू दे ना," मावशी म्हणाली. त्या रात्री जेवताना काकांनी ताट जरा जोरात ठेवलं आणि मावशीने ते मोजलं नाही.

कच्च्या चित्रांची चाचणी झाली तेव्हा सगळा स्टुडिओ खोलीत जमला. दिवे गेले. पडद्यावर माणसं तरंगू लागली. चालत होती, भांडत होती, मिठ्या मारत होती, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. एक बाई रडत होती आणि ती कणीक मळतेय असं वाटत होतं. रंगीलाने तोंडात रुमाल कोंबला होता. दिवे आले. दिग्गज खुर्चीतून उठले.

"बाई," ते म्हणाले, "शिडीप्रमाणेच काढलंय ना सगळं?"

"केसभरही इकडेतिकडे नाही, सर."

शिडी त्यांची, हुकूम त्यांचा. "छान," ते म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले. ती खिडकी कधीच उघडत नसे.

चित्रपट लागला त्या दिवशी मावशी, काका आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. मावशीने ठेवणीतले कपडे घातले होते. आज सगळ्यांना कळणार, अशी तिची खात्री होती. थिएटर अर्धं भरलेलं. पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगेत कुणीतरी घोरायला लागलं. मावशीने अंधारात माझा हात दाबला. एवढी आनंदात मी तिला फार कमी वेळा पाहिली होती.

रविवारच्या पुरवणीत त्याच समीक्षकांचा पानभर लेख आला. मथळा होता: 'मौनरेषेकडून तरंगरेषेकडे'. दिग्गजांची पात्रं आता गुरुत्वाकर्षणच नाकारतात, आजच्या माणसाचं जडत्व आणि परात्मता यापूर्वी कुणी इतक्या निर्भयपणे रेघेत पकडली नव्हती, आणि रडण्याच्या प्रसंगातला तो यांत्रिक अलिप्तपणा तर केवळ असामान्य. बक्षीस आधीच्यापेक्षा मोठं मिळालं. घोरणाऱ्या माणसाचं मत कुणी छापलं नाही.

मावशीने लेख दोनदा वाचला. मला वाटलं ती चिडेल. ती पाटावर बसावं तशी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "मी चौदा महिने मुद्दाम वाईट काम केलं आणि कुणाला कळलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आधी चांगलं करत होते, तेही कुणाला कळलं नसणार."

काका म्हणाले, "मला कळलं होतं."

"तुम्ही लिफ्टवाले," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. तिला दिग्गजांचा राग आलेला नव्हता. त्या चौदा महिन्यांत तिने साडेपाच हजार माणसं मेलेली काढली होती आणि ती आता कायमची तशीच फिरत राहणार होती. याचं तिला वाईट वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच थिएटरात गेली. एकटी जाते म्हणाली, काका हट्टाने बरोबर गेले. कशाला जायचं, तर आपण काय करून ठेवलंय ते एकदा नीट बघायला. खेळ संपल्यावर ती बाहेर बाकावर बसली होती. तिकीट फाडून जागा दाखवणारा म्हातारा तिथे हातातली बॅटरी पुसत उभा होता. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो आपणहून बोलला.

"आवडला नाही ना? मलाही नाही आवडला. यांचाच आधीचा एक होता, म्हातारीचा. तो लागला होता तेव्हा मी रोज, दर खेळाला, त्या पत्राच्या वेळी आत येऊन उभा राहायचो."

"का हो?" मावशीने विचारलं.

"ती घडीवरून पुन्हा हात फिरवते ना. माझी बहीण असंच करायची. तिने भोगलं पुष्कळ, पण बोलायची नाही. चादरीची घडी घालायची आणि वरून हात फिरवत बसायची." त्याने बॅटरी लावून बघितली. "या सिनेमात मी शोधलं तसं काही. नाही सापडलं."

काकांनी तोंड उघडलं. मावशीने त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला, काका दोन दिवस लंगडत होते.

"बहीण कशी आहे आता?" तिने म्हाताऱ्याला विचारलं, आणि मग पुढचा खेळ सुरू होईपर्यंत ती दोघं त्या बहिणीविषयी बोलत बसली.

त्यानंतरची आठ वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती स्टुडिओतही थोडक्यातच गेली. दिग्गजांना आता तरंगरेषाच हवी होती. मावशीने सरळ सांगून टाकलं, "शिडी पाळणं मला जमत नाही, सर."

"मागच्या वेळी तर जमलं!"

"मागच्या वेळी रागात होते."

दिग्गजांना हा विनोद वाटला. त्यांनी तिला दुसऱ्या दिग्दर्शकांच्या छोट्या कामांवर टाकलं. साबणाच्या जाहिराती, हसणारे दात, नाचणारे बुडबुडे. त्या बुडबुड्यांना मात्र स्वभाव होते. एक बुडबुडा तर फुटायच्या आधी असा काही दचकायचा, की मला साबण वापरताना वाईट वाटायचं. पुढे स्टुडिओत संगणक आला. दोन टोकांची चित्रं दिली की मधली सगळी तो आपणच काढायचा, बरोबर सारख्या अंतरावर. दिग्गज भारावून गेले. त्यांना आयुष्यभर हवा होता तो सहायक मिळाला होता. शिडी पाळायचा, चहा मागत नसे आणि नावाचा तर प्रश्नच नव्हता. मधल्या चित्रांच्या चौघींना एकेक घड्याळ देऊन निरोप दिला. भाषणात दिग्गज म्हणाले की या भगिनींनी शैलीची निष्ठेने वाहतूक केली.

मावशी घरी बसली. म्हणजे आमच्या घरच्या भाषेत. माझ्या आईने लगेच तिला स्वेटर विणायला शिकवायचा निर्णय घेतला. दोन महिन्यांत मावशीने अर्धी बाही विणली.

मग रंगीलाची भाची तिच्याकडे आली. ती एका मोठ्या इस्पितळात काम करायची. गुडघ्याची, कमरेची शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा उठायला-चालायला शिकवायचं. तिच्या हातात एक छापील पत्रक होतं. त्यावर दोन चित्रं. पहिल्यात बाई पलंगावर आडवी, दुसऱ्यात तीच बाई पलंगाशेजारी उभी, हसतमुख.

"माझे पेशंट हे बघतात आणि विचारतात, इथून तिथे जायचं कसं?" भाची म्हणाली. "मी सांगते, पण घरी गेल्यावर विसरतात. गेल्या महिन्यात दोघं पडले. मावशी, तुम्ही असं काहीतरी काढायचात ना?"

मावशीने पत्रक दिव्याखाली धरलं. मला वाटतं चौतीस वर्षांत कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता.

ती सहा आठवडे वॉर्डात खुर्ची टाकून बसली. पेशंट आधी बिचकले, मग त्यांना सवय झाली. कोण आधी हात टेकतो, कोण आधी दात आवळतो, उठायच्या क्षणी नजर कुठे जाते, सगळं तिने टिपलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाची फळी कापून काकांनी तिला काच बसवून दिली, खाली दिवा. दोन मिनिटांचा चित्रपट, एक बाई पलंगावरून उठते. टोकाची चित्रंही तिचीच, मधलीही तिचीच. शिडी तिने काढलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कुणासाठी काढू? मीच तर आहे."

त्या चित्रपटातली बाई कुशीवर वळते, हात टेकते, बसते, पाय खाली सोडते. आणि उभी राहायच्या आधी थांबते, श्वास घेते, पलंगाचा कठडा पुन्हा एकदा चाचपते. मग उठते. तोंड वाकडं करते, कारण दुखतं. हसतमुख वगैरे काही नाही.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि घड्याळाकडे पाहिलं. "चांगलं आहे. पण ही इथे उगाच थांबते. सात-आठ सेकंद वाया. तेवढं काढून टाका."

मावशीच्या जागी दुसरं कुणीही असतं तर हो म्हणालं असतं. मावशी स्वतःही आयुष्यभर म्हणाली होती.

"नाही काढता येणार," ती म्हणाली.

"का?"

"काढलं तर बाई पडेल."

"अहो, चित्रातली बाई कशी पडेल?"

"चित्रातली नाही. तुमची."

डॉक्टरांनी भाचीकडे पाहिलं. भाची छताकडे बघत होती. ते सात-आठ सेकंद राहिले. आता वॉर्डातल्या टीव्हीवर तो दिवसभर चालू असतो आणि समोर चार-चार पेशंट पलंगाच्या कडेला बसून एकदम श्वास घेतात, एकदम कठडा चाचपतात. त्यानंतर कुणी पडलं नाही असं मी म्हणणार नाही. एक आजोबा पडले. ते चित्रपट बघता बघता उठायला विसरले आणि झोपेत कलंडले.

भाचीने चित्रपटाच्या शेवटी मावशीचं नाव टाकलं. एकटीचं, मोठ्या अक्षरांत, दोन सेकंद. आम्ही सगळे ते बघायला इस्पितळात गेलो, आजारी नसताना. माझ्या आईने टाळ्या वाजवल्या, नर्स ओरडली. मावशी पडद्याकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"अठ्ठेचाळीस चित्रं," ती म्हणाली. "सगळी सारखी. फुकट गेली."

सध्या ती जिन्यावर काम करते आहे. शस्त्रक्रियेनंतर जिना कसा उतरायचा. मागच्या शनिवारी मी सहज भेटायला गेले, तर तिने मला तिच्याच इमारतीचा जिना अकरा वेळा उतरायला लावला आणि स्वतः खाली स्टुलावर वही घेऊन बसली. बाराव्या वेळी मी वरून ओरडून विचारलं, "मावशी, झालं का?"

"तू जिना चुकीचा उतरतेस," खालून आवाज आला. "पण थांबू नकोस, चुकीचंही लागतं."

मी उतरू लागले. शेजारच्या काकू दार उघडून बघत होत्या आणि मावशी आता त्यांना बघत होती.